स्टॉलवरची पन्नास टक्के स्कॉलरशिप : एका शैक्षणिक मेळाव्याचं प्रकरण

एक मुलगी : बारावी सायन्स, बार्शी. एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) ९१.४ पर्सेंटाइल. प्रवर्ग ओबीसी. वडिलांची पिठाची गिरणी आणि तीन एकर कोरडवाहू, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ नववीत. मुलीला कंप्युटर हवं होतं, ते नाही तर आयटी, तेही नाही तर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). घरातून याआधी इंजिनिअरिंगला कोणी गेलेलं नव्हतं. प्रकरण २०२५ च्या प्रवेशाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि संस्थांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

जूनच्या मध्यात सीईटीचा निकाल लागला आणि महिनाअखेरीस सोलापुरात शैक्षणिक मेळावा भरणार असल्याची जाहिरात पेपरात आली. पन्नासेक संस्था, प्रवेश मोफत, ‘स्पॉट ॲडमिशन’ची सोय. वडील कात्रण घेऊन माझ्याकडे आले; आमच्या कॉलेजातल्या मुलांना प्रवेशाबद्दल मी मार्गदर्शन करते. “मॅडम, सगळी कॉलेजं हितंच येणारेत म्हणं. पुण्याला हेलपाटे कशाला मारायचे? एकदाच जातो आन् पक्कं करून टाकतो.”

अडचण या ‘पक्कं करून टाकतो’मध्येच होती. राज्यातले इंजिनिअरिंगचे बहुतेक प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधून होतात, आणि मेळाव्यात उभा असलेला कुठलाही माणूस कॅपची जागा देऊ शकत नाही, मग तो कितीही गोड बोलो. त्याच्या हातात असतात त्या खासगी कॉलेजांतल्या संस्था स्तरावरच्या, म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंटच्या जागा, नाही तर स्वतःची वेगळी प्रवेशप्रक्रिया असलेल्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा. ‘स्पॉट ॲडमिशन’ म्हणजे यांतलंच काहीतरी. हे कळल्यावर वडिलांचा उत्साह मावळला. “मग जायचंच कशाला?” असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता.

जायचं ते वेबसाइटवर न मिळणारी उत्तरं काढायला. फी, कटऑफ, मान्यता हे सगळं घरबसल्या सापडतं. ते आधीच पाहून ठेवलेलं असेल तर स्टॉलवरचा माणूस किती खरं बोलतोय याचा अंदाज पहिल्या दोन मिनिटांत येतो. ते न पाहता गेलेला पालक माहितीपत्रकांची पिशवी घेऊन परततो, आणि त्यातलं शेवटचं आकर्षक पत्रक त्याच्या मनात घर करून बसतं.

जायच्या आधी

सगळ्यात आधी फाइल उघडायला लावली, आणि तिथेच पहिला फटका बसला. जात प्रमाणपत्र होतं, अकरावीत अर्ज केल्यामुळे जात वैधताही हातात होती, पण नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपलेली. या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असायला हवं होतं. आई दुसऱ्याच दिवशी सेतू केंद्रात जाऊन अर्ज करून आली, आणि सोबत तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचाही. हा दाखला पुढे सगळ्या हिशेबाचा कणा ठरला.

मग कटऑफ. सीईटी कक्ष दर फेरीची यादी पीडीएफमध्ये टाकतो. वडिलांनी ती मोबाइलवर उघडून पाहिलेली होती, पण फक्त पहिला रकाना, खुल्या प्रवर्गाचा. “आपल्याला कुठंच लागत नाही” असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले होते. त्या रकान्यांवरची अक्षरं एकदा नीट समजून घ्यावी लागतात. सुरुवातीचं ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर ‘एच’ असेल तर त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या विद्यार्थ्यांची जागा, ‘ओ’ असेल तर हद्दीबाहेरच्यांची, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. बार्शीच्या मुलीचं घरचं विद्यापीठ सोलापूर. म्हणजे सोलापूरच्या कॉलेजांत तिनं एल-ओबीसी-एच बघायचं, पुणे विद्यापीठाच्या साध्या संलग्न कॉलेजांत एल-ओबीसी-ओ, आणि जिथे होम युनिव्हर्सिटीच्या जागी ‘ऑटोनॉमस’ लिहिलंय तिथे एल-ओबीसी-एस. रकान्यात वरचा आकडा मेरिट क्रमांक, खालचा कंसातला पर्सेंटाइल. तिनं एक दुपार बसून मागच्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांमधले आपल्यापुरते रकाने वहीत उतरवले, आणि ‘कुठंच लागत नाही’चं रूपांतर बऱ्यापैकी लांब यादीत झालं.

त्या यादीतली जी कॉलेजं मेळाव्यात येणार होती तेवढीच निवडली. सात निघाली. आठवं नाव वडिलांनी हट्टानं घातलं : पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ, ज्याचे फलक त्यांना हायवेवर दिसत असत. घालू दिलं. ज्या गोष्टीबद्दल मनात ओढ आहे ती तपासून बघितलेली बरी, नाही तर ती नंतर नातेवाइकांच्या तोंडून परत येते.

प्रश्न मात्र मोजकेच ठरवले. कंप्युटर आणि आयटीला या वर्षी किती तुकड्या आहेत आणि दोन वर्षांपूर्वी किती होत्या, हा सगळ्यांत वरचा. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईनं २०२४-२५ पासून शाखानिहाय जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर काही ठिकाणी कंप्युटर आणि त्याच्या भावंड-शाखा भराभर वाढल्या. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर असतं. जागा दुप्पट झाल्या तेव्हा शिक्षक आणि लॅब वाढल्या का, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरा प्रश्न पॅकेजचा, पण ‘हायेस्ट’ नव्हे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी संस्था आपली भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर टाकते. त्यात किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यम पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे असतं. तो मध्यम आकडा आधी वहीत लिहून न्यायचा आणि मग स्टॉलवर विचारायचं. तिसरा, प्रवेशाच्या दिवशी माझ्याकडून प्रत्यक्षात किती रुपये घेणार?

आणखी एक गोष्ट तिला बजावली. आपला पर्सेंटाइल शेवटी सांगायचा. आधी सांगितला की समोरचा माणूस उत्तर त्या मापाचं शिवून देतो.

फोन नंबरांचं तर सांगायलाच नको. प्रत्येक स्टॉलवर फॉर्म असतो आणि नंबर दिला की दिवाळीपर्यंत फोन वाजत राहतो. घरात पडून असलेलं एक दुसरं सिम होतं, तोच नंबर द्यायचा ठरवलं. नाव, गाव, बारावीचं कॉलेज आणि तो नंबर अशी छोटी लेबलं छापून घेतली. फॉर्मवर चिकटवलं की झालं, रांगेत उभं राहून लिहीत बसायला नको. आणि घरात नियम केला : हॉलमध्ये एक रुपयाही द्यायचा नाही. हा नियम आईनं केला, मी नव्हे.

हॉलमध्ये

शनिवारी सकाळी उघडतानाच ते पोचले. दुपारनंतर मुंगीला शिरायला जागा नसते आणि प्राध्यापक मंडळीही जेवायला जातात.

पहिला स्टॉल पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजचा. पुढे टी-शर्ट घातलेला एक हसतमुख मुलगा पत्रकं वाटत होता. आईनं सहज विचारलं, “बाळा, तू कितव्या वर्षाला?” तो चाचरला. तो कॉलेजचा नव्हताच. सोलापुरातलाच, दोन दिवसांसाठी रोजावर घेतलेला. यात वावगं काही नाही, पण मग त्याला लॅबबद्दल काय विचारणार? आईनं गोडीत सांगितलं, “मग तुमच्या सरांना बोलाव की.” मागच्या खुर्चीतून एक प्राध्यापक उठून आले आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं. आयटीच्या तुकड्या वाढल्याचं त्यांनी लपवलं नाही. “जागा मिळाली, शिक्षक अजून घेतोय. ईअँडटीसीला मात्र आमचा जुना स्टाफ आहे, आणि कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या दोन्ही शाखांच्या मुलांना बसू देतात.” एनबीएचं मानांकन कुठल्या शाखांना आहे तेही त्यांनी शाखा मोजून सांगितलं. एनबीएचं दर्जा-मानांकन शाखेला असतं आणि नॅकचं संस्थेला, त्यामुळे फलकावरच्या मोठ्या अक्षरांतल्या एनबीएचा नव्या एआय-डेटा सायन्स शाखेशी काही संबंध असेलच असं नाही. त्या शाखेच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्याशिवाय तिला ते मिळतही नाही.

इथेच हॉस्टेलचंही विचारलं. शेजारचे एक गृहस्थ लगेच म्हणाले, “मुलींना हॉस्टेल मिळतंच.” आईनं ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या एका स्टॉलवर आग्रह झाला की, “ऑप्शन फॉर्ममध्ये आमचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाका, म्हणजे नक्की मिळेल.” (कॅपमध्ये कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम द्यायचा तो हा फॉर्म.) वर्षानुवर्षं हे सांगितलं जातं. पण २०२५ चे नियम बघा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तर घ्यावा लागतो, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे हातातलं सोपं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकणं म्हणजे पुढच्या फेऱ्यांवर स्वतःहून पाणी सोडणं. तिला हे माहीत होतं. तिनं मान डोलावली आणि पुढे निघाली.

मग वडिलांचं खासगी विद्यापीठ. एसी लावलेला मोठा स्टॉल, बसायला सोफा, पाण्याच्या बाटल्या. समोर ब्लेझर घातलेल्या एक बाई, ‘ॲडमिशन काउन्सेलर’. इथे मुलीच्या आधी वडीलच बोलले आणि पर्सेंटाइल सांगून बसले. टॅबवर बोट फिरलं. “अभिनंदन! कंप्युटरला पन्नास टक्के स्कॉलरशिप बसते. ट्यूशन फी दोन लाख ऐंशी हजार, तुम्हाला फक्त एक लाख चाळीस. आज पंचवीस हजार भरून सीट बुक केली तर ही स्कॉलरशिप लॉक होईल. उद्या स्लॅब बदलतोय.”

कंप्युटर. तेही आजच. वडिलांनी मोबाइल काढला होता. आईनं फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

मुलीनं दोन प्रश्न विचारले. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, तर उत्तर आलं, “हो, कंडिशन्स अप्लाय.” त्या कंडिशन्स लेखी दाखवा म्हटल्यावर टॅबवर एक पान उघडलं. तिनं त्याचा फोटो घेतला. दर वर्षी ८ एसजीपीए (सत्राची सरासरी श्रेणी) आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय नको, अशी अट. दुसरा प्रश्न : ओबीसी मुलींची राज्य सरकारची फी माफी इथे लागू होते का? बाई म्हणाल्या, “ते सगळं मिळतं, पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो.”

हे उत्तर चुकीचं होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागा त्यात नाहीत, आणि खासगी व अभिमत विद्यापीठंही त्यातून वगळलेली आहेत. मुलीला हे पाठ होतं. तिनं वाद घातला नाही. हॉलमध्ये वाद घालून मिळतं काय? “घरी विचारून सांगतो” असं आई म्हणाली आणि ते उठले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टॉलवर. सोलापूर विद्यापीठाचं कॉलेज, टेबलावर साधं पत्रक, मागे दोन प्राध्यापक चहा घेत बसलेले. गर्दी नसल्यानं त्यांना वेळही होता आणि कुणाला पटवायची घाईही नव्हती. कंपन्या फार येत नाहीत, मुलांना पूल कॅम्पससाठी (अनेक कॉलेजांच्या एकत्र नोकरभरतीसाठी) पुण्याला नेतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. कंप्युटरला एल-ओबीसी-एच मध्ये मागच्या वर्षी शेवटच्या फेरीला किती लागलं तेही तोंडपाठ सांगितलं, आणि ते तिच्या वहीशी जुळलं. एकानं तर तिला फिजिक्समधलं काय आवडतं ते विचारलं. इतर कुठेही तिला अभ्यासाबद्दल कोणी काही विचारलेलं नव्हतं.

रात्री, जेवणानंतर

अंगणवाडी सेविकेला रजिस्टरची सवय असते. आईनं त्याच रात्री वहीत रकाने पाडले : कोण बोललं, काय म्हणालं, ताडून पाहिलं का. पत्रकं रद्दीत गेली. पुढचे काही दिवस मुलीनं एकेक ओळ तपासली. फी तपासली ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी तिथे असते, आणि त्यावर कोणी काही मागत असेल तर तो १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याचा विषय होतो. तुकड्यांची संख्या एआयसीटीईच्या मान्यतापत्रात. पगाराचे आकडे एनआयआरएफच्या पीडीएफमध्ये. एका स्टॉलवरच्या ‘सरासरी आठ लाखां’समोर त्या कागदातला मध्यम आकडा जेमतेम निम्मा निघाला. ते कॉलेज यादीतून गेलं नाही, पण खाली सरकलं.

वडिलांसाठी एक वेगळं पान केलं, कारण कंप्युटर हातचं गेल्याची हळहळ त्यांना लागून राहिली होती. खासगी विद्यापीठात स्कॉलरशिप चारही वर्षं टिकली तर फक्त शिक्षण शुल्क ५ लाख ६० हजार. पहिल्याच वर्षी एक विषय राहिला आणि स्कॉलरशिप गेली, तर १ लाख ४० हजार अधिक तीन वर्षांचे ८ लाख ४० हजार, म्हणजे ९ लाख ८० हजार. दुसऱ्या बाजूला कॅपमधून मिळू शकणारं पुण्यातलं स्वायत्त कॉलेज : मंजूर फी १ लाख ३८ हजार, त्यात १ लाख २० हजार शिक्षण शुल्क. ते माफ. उरलं १८ हजार विकास शुल्क, चार वर्षांचे ७२ हजार. राहणं-खाणं दोन्हीकडे सारखंच धरलं.

वडील बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, “आन् पंचवीस हजार दिलं असतं तर?” परत मागता आले असते. प्रवेश रद्द केल्यावर फी परत करायची आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असे यूजीसीचे नियम २०१८ पासून आहेत. पण नियम असणं आणि बार्शीहून पाठपुरावा करून पैसे परत आणणं यांत बरंच अंतर आहे.

ऑप्शन फॉर्म भरताना घरात मतभेद झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. वर पुण्यातले कंप्युटर आणि आयटीचे दोन पर्याय, जे लागणं अवघड होतं. तिसऱ्या जागी काय? पुण्याचं ईअँडटीसी की सोलापूरचं कंप्युटर? आईला आणि मला सोलापूर योग्य वाटत होतं : हवी ती शाखा, घर जवळ, कोपऱ्यातल्या स्टॉलवरची ती दोन माणसं. मुलीला पुणे हवं होतं, आणि तिनं पहिल्या स्टॉलवरच्या प्राध्यापकांचं जुन्या स्टाफबद्दलचं वाक्य पुढे केलं. ते ताडून पाहिलेलं होतं. कॉलेजच्या वेबसाइटवरच्या शिक्षकांच्या यादीत रुजू झाल्याची वर्षं होती. शिकायचं तिला होतं, तिचं चाललं.

पहिल्या फेरीत खालचा एक पर्याय मिळाला, तो तिनं धरून ठेवला. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला. पहिल्या तीनमधला असल्यानं नियमाप्रमाणे घेणं भागच होतं. पुणे, ईअँडटीसी. प्रवेशाच्या दिवशी तिच्याकडून घेतलेली रक्कम स्टॉलवर सांगितलेल्या रकमेइतकीच होती.

फसलं ते हॉस्टेल. ‘मुलींना मिळतंच’ हे वाक्य वहीत होतं, पण ‘ताडून पाहिलं का’चा रकाना कोरा राहिला होता, कारण ते ताडायला कुठे कागद नव्हता. प्रत्यक्षात प्रथम वर्षाच्या खाटा मेरिटनं आणि फेरीच्या क्रमानं गेल्या. दुसऱ्या फेरीतून आलेल्या मुलींना प्रतीक्षा यादी. महिन्याला नऊ हजारांत जेवणासह पीजी मिळालं, म्हणजे वर्षाच्या विकास शुल्काएवढे पैसे दोन महिन्यांतच संपतात. वडिलांनी गिरणीत मिरची-हळद कांडायचं यंत्र घालायचं ठरवलं आहे. मुलगी दुसऱ्या वर्षाच्या हॉस्टेल यादीकडे डोळे लावून आहे.

आमच्या कॉलेजात मेळाव्याला जाणाऱ्या मुलांना मी जो कागद देते, त्यात हॉस्टेलची ओळ आता अशी आहे : प्रथम वर्षाच्या मुलींसाठी खाटा किती, मागच्या वर्षी अर्ज किती आले, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून आलेल्यांपैकी किती जणींना मिळाली, आणि रेक्टर मॅडमचा नंबर मिळेल का?